चिखलाचं पान

अकरा वर्षं मी चिखल लिहिला.
पान बेचाळीस, जाहिरातींच्या आधी.
पान आपलं म्हणायचं; कागद कधी नव्हताच.
बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या बुटांना
खरा वाटेल असा चिखल कसा लावायचा:
वापरलेली कॉफी, वाळवून; लाकडाचा गोंद;
तपकिरी रंग तीन थेंब, आणि एक थेंब हिरवा,
कारण नुसता तपकिरी चिखल कुठेच नसतो,
निदान आमच्या केटरिंगमध्ये तरी नसतो.

मंगळवारी डेझमंड थर्लबीचा फोन आला.
आधी हवा, मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
मग म्हणाला, "बरं, सत्त्याऐंशीवा अंक शेवटचा."
दूध संपलंय म्हणावं, तसं.
वर्गणीदार उरलेत चारशे बारा.
तीस तारखेला मध्यरात्री सगळं बंद,
मागचे अंकसुद्धा.
"मागचेसुद्धा?"
"ते वेगळे कुठे ठेवलेत, आयव्हर?
एकाच कपाटात आहेत, आणि कपाट भाड्याचं."

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं
कारखान्यात बुटांचे तळवे शिवले.
कारखाना मिटला तेव्हा त्यांनी घरी आणला
एक लाकडी साचा, आठ नंबर, डावा पाय.
अजून मी तो दाराला अडसर म्हणून लावतो.
बंद पडण्याची तेवढीच रीत मला ठाऊक होती:
निघताना कोटाखाली काहीतरी लपवता यायचं.

आणि वेढा तसाच राहिला.

ऑर्नफेल नावाचं गाव, कुठल्याच नकाशात नसलेलं,
रोवेना पिकरिलच्या डोक्यात वसलेलं.
ती पहाटे पत्रं वाटायची, दुपारी तटबंदी लिहायची.
वाचक आपापल्या स्वयंपाकघरात फासे टाकून
दान कळवायचे तिला,
आणि जे पडेल ते ती गावाला भोगायला लावायची.
दयामाया नाही.
एकोणिसावा दिवस. विहिरीत दोन बोटं पाणी.
उत्तर दरवाजावर सात भालेकरी,
त्यातला एक तापाने फणफणलेला,
कारण कॉर्बीच्या मॉरॅग टेल्फरला
नोव्हेंबरात एक पडला होता.
क्रमशः, असं खाली.

"पुढे काय होणार होतं?" मी विचारलं.
"मला काय माहीत?" ती चिडलीच.
"दान कुठे पडलं होतं अजून?"

तीस तारखेला चर्चमागच्या हॉलमध्ये
अकरा जण जमलो. हीटर एकच चालू.
डेझमंडने बिस्किटांचा डबा आणला,
त्यात निम्म्यात बिस्किटं, निम्म्यात फासे.
कुणीतरी म्हणालं, आज निकाल लावून टाकू.
पट मांडला, दरवाजा उभा केला,
आणि मग कुणीच हात पुढे करेना.
फासे बिस्किटांच्या चुऱ्यात तसेच.

बारा वाजले. सगळ्यांनी फोन काढले.
पान उघडत होतं.
बारा वीस. अजून उघडत होतं.
"भाडं थकवणाऱ्यांत आपणच नाही वाटतं," डेझमंड म्हणाला,
आणि हसताना गुडघा धरून बसला.
बारा चौतीसला, मी गोंदाचं प्रमाण
पुन्हा एकदा वाचत असताना,
पडदा पांढरा झाला.
बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

मॉरॅग रात्रपाळीला जाता जाता आली होती,
अंगावर निळा गणवेश, केस ओले.
इतकी वर्षं नुसतं नाव होतं, आणि एक एक.
दारातूनच विचारलं, "तो वाचला का?"
तिला सांगावं लागलं नाही कोण.

रोवेनाने दरवाजावरून सातवा उचलला
आणि तिच्या तळहातावर ठेवला.
"आता तुमच्या वॉर्डात," एवढंच म्हणाली.
मॉरॅगने त्याला दिव्याखाली धरलं,
कपाळ पाहिलं, मग पाय.
"बूट किती घाण झालेत याचे,"
असं म्हणून नखाने जरासं खरवडलं,
बोट नाकाशी नेलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"कॉफी."