आता तुमी वारा

वहीत एवढंच: जमिनीवर फ्लॅप उतरतात,
हवेत दहा अंशांवर अडतात.
खाली सही केतकी डुबल, सकाळचे सात चाळीस.
पोरगी तशीच उतरली होती,
कऱ्हाडची धावपट्टी पार कडेच्या उसापर्यंत वापरून.
अक्षर मात्र जराही हललेलं नाही.

मी खटका दाबला. मोटर गुरगुरली,
फ्लॅप तीस अंशांपर्यंत गेले, शहाण्या मुलांसारखे.
पुन्हा दाबला. पुन्हा गेले.
फ्यूज बघितला. दोन्ही टोकांचे स्विच टिचकी मारून बघितले.
स्क्रू पुसला, ग्रीस लावलं, केबलचा ताण मोजला.
मीटर म्हणाला, बारा पूर्णांक चार.
आगाशिवाच्या लेण्यांवरून ऊन कलायला लागलं
आणि माझ्याकडे बघायचं काही उरलं नाही.

बाबालाल मुलाणीला बोलावलं.
मलकापुरात पाण्याच्या मोटरी भरतो.
विमानाला कधी हात लावला नव्हता,
चपला हँगरच्या दारात काढून आला.
मीटर बघून म्हणाला,
"ह्यो खोटं बोलत न्हाई.
पर इचारलं तेवढंच सांगतो."
केतकीला आत बसवलं, मला पंखाखाली उभं केलं.
"तळहात लावा. वर रेटून धरा.
आता तुमी वारा."

मी वारा झालो.
खटका पडला. मोटर कण्हली,
फ्लॅप माझ्या हातांवर टेकला
आणि थांबला.
दहा अंश.
बाबालालच्या हातात बाराचे सात झाले होते.

अर्थिंगची वायर.
नट घट्ट, वॉशर नवा,
खाली पांढरा रंग, जाड, चकचकीत.
रंगावरच कसलेला नट.
रिकामं फिरायला वीज आट्यांतून कशीबशी वाट काढायची,
ओझं पडलं की तिचा श्वास कोंडायचा.

पंख दिवाळीच्या आधी रंगवले होते.
नट कुणी कसला, वही न उघडता ठाऊक होतं.
तरी उघडली.

सँडपेपरने नखाएवढा धातू उघडा केला.
मी पुन्हा वारा झालो, या वेळी
फ्लॅपने मला सरळ खाली ढकललं.
बाबालालने पैसे घेतले नाहीत,
जुना वॉशर मागून घेतला, चपला घातल्या.
केतकी पंखाखाली वाकून बघत होती.
"रंगावरच? कुणी, सर?"

मी पेन शोधत राहिलो.
खिशातच होतं.