दोन ओळींची जागा

घर विकताना इथे एक फॉर्म भरावा लागतो.
बॉयलर कधी दुरुस्त केला, खिडक्या कधी बदलल्या,
आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून:
शेजाऱ्यांशी कधी काही वाद? असल्यास तपशील द्या.
खाली दोन ओळींची जागा.

माझ्याकडे तीन फायली आहेत.
आणि क्लिफर्ड टॅन्झली,
ज्याच्याशी मी सहा वर्षं फक्त वकिलामार्फत बोलले.

केटरिंगच्या बुटांच्या कारखान्यात
उभी हयात चामड्याचे तळ कापण्यात गेलेली.
अष्टमांश इंच चुकला तरी बूट चावतो, म्हणायचा,
आमचं बोलणं होतं तेव्हा.
मी नवं कुंपण घातलं त्या शनिवारी
तो टेप घेऊन आला, गुडघे टेकले, मोजलं,
आणि म्हणाला, अकरा इंच.
गुड मॉर्निंगसुद्धा नाही. अकरा इंच.

माझे वडील तासगावला भूकरमापक होते.
बांध कोरणारे किती पाहिले त्यांनी,
दर नांगरणीला बोटभर, दर पिढीला हातभर.
घरी येऊन पाय धुता धुता म्हणायचे,
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,
आणि चढलाच, तर मोजणीवाल्याला चहा तरी पाजावा.

मी चढले.
इथले वकील वेळेच्या फोडी करतात,
सहा मिनिटांची एक.
मिस ऑकलीला मी फोनवर नाताळच्या शुभेच्छा दिल्या,
ती फोड जानेवारीच्या बिलात आली.
क्लिफर्डनं गाडी विकली.
माझ्या स्वयंपाकघराचं गळकं सिंक तसंच राहिलं,
खाली पातेलं.

शेवटी दोघांच्या खर्चानं एक तज्ज्ञ आला.
तिपाई लावली, रजिस्ट्रीतला नकाशा बॉनेटवर पसरला,
लाल रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.
ही रेघ जमिनीवर उतरवली, तर पंधरा इंच जाड होते, म्हणाला.
तुमचं भांडण रेघेच्या आत आहे.

रेघेच्या आत!
वडील आठवले नाहीत, खोटं कशाला सांगू.
बिलं आठवली.
चहाही विचारला नाही त्याला, दोघांपैकी कुणीच.

मग फेब्रुवारीत वादळानं कुंपण आडवं केलं
आणि ते कुणी उभं करेना.
उभं करायचं तर कुठे, हे आधी म्हणावं लागलं असतं.
दोन वर्षं त्या पट्ट्यावर कुणी पाय ठेवला नाही.
क्लिफर्डचा रुबार्ब मात्र सरकत सरकत आला,
लाल देठ, सुपाएवढी पानं,
कुणाला न विचारता.
एका रात्री मी तीन देठ कापले,
गूळ-मेथी घालून मेथांबा केला
आणि ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता खाल्ला.
फायलीत हे नाही.

काल एक जोडपं घर बघायला आलं.
पोर कडेवर घेऊन बाई नेमकी त्या पट्ट्यात उभी राहिली.
बाग कुठपर्यंत आपली?
मी तोंड उघडलं. एजंट खोकला.
शेजारचं दार वाजलं,
काठी टेकत क्लिफर्ड आला, पलीकडे थांबला.
झालं, मला वाटलं, आता टेप निघणार.
रुबार्ब खाता का, त्यानं त्यांना विचारलं.
आणि माझ्याकडे न बघता,
ही खाते.
पण कापते. कापायचा नसतो, पिळून उपटायचा असतो.

आज फॉर्म पुढ्यात आहे.
वाद: हो.
तपशील:
पेन टेकवून बसले आहे केव्हाची,
खालचं टिंब रुंद होत चाललंय.