कोणी आजारी नाही

सयाजीगंजातल्या एका इस्पितळाच्या लिलावात
ह्यांनी जुनी अँब्युलन्स घेतली,
आणि मला फोनवर एवढंच, "गाडी घेतली."
कारेलीबागेत, सोसायटीच्या फाटकातून ती वळली तेव्हा
तीन गॅलऱ्यांत बायका धावत आल्या,
कल्पनाबेन तर पदराला हात पुसत खाली,
"कोण मांदुं छे?"

कोणी नाही. कोणी आजारी नाही,
मी वरून ओरडले.
फिरायला जायचंय हिच्यातून,
हे मला तेव्हाच, सगळ्यांबरोबर कळलं.

रिफायनरीत चौतीस वर्षं काटे वाचले ह्यांनी.
दाब, तापमान, पातळी.
आता स्ट्रेचरच्या जागी फळी,
फळीवर मांडवीच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेली गादी,
सलाइनच्या हुकाला टोमॅटोची पिशवी,
ऑक्सिजनच्या कप्प्यात लोणचं.
भोंगा काढला, लाल दिवा काढला,
पांढऱ्यावर मोतिया रंगाचे दोन हात दिले,
तरी ऊन तापलं की कपाळावरची उलटी अक्षरं
वर येतातच.

म्हणून लोक अजून वाट देतात.
विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा कडेला होतात,
ट्रकवाला आरशात बघतो, दचकतो, सरकतो,
आणि मधून आम्ही,
ताशी पस्तीसने,
शेंगा सोलत.
मला हसू येतं. मग येत नाही.
सासूबाईंच्या त्या रात्री रावपुऱ्यात वरात होती.
त्यांचं डोकं मांडीवर घेऊन
मी रिक्षातून हात जोडत होते,
आणि बँडवाला कडव्याच्या मध्ये थांबायला तयार नव्हता.
हे त्याबद्दल कधी बोलले नाहीत.
लिलावात मात्र
ट्रॅव्हलर सोडून हिच्यावर बोली लावली.

पाटडीच्या पुढे रस्ता संपतो,
म्हणजे सगळाच रस्ता होतो.
झाड नाही. सावली फक्त गाडीची,
तिच्यात दोन खुर्च्या, एक स्टो.
हे इंजिन बंद करून काट्याकडे बघत बसतात,
सगळे शून्यावर.
"छान," म्हणतात.
लांब घुडखरांचा कळप मान वर करून उभा,
त्यांनाही कुठं जायची गडबड दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजावरून एक ठिपका निघाला.
मी चहा ठेवला.
ठिपक्याची बाई होईपर्यंत चहा दोनदा उकळला.
मिठागरातली, पायांना भेगा, वय माझ्यापेक्षा कमी
आणि चेहरा जास्त.
धापा टाकत आली. "कोण मांदुं छे?"

कोणी नाही, मी म्हटलं,
आणि ह्या वेळी मला लाज वाटली.
गाडी दिसली म्हणून आली होती ती,
जेवण टाकून, कुणाला काय झालं बघायला.

बशीतून चहा प्याली.
आत वाकून पाहिलं. टोमॅटो पाहिले, हसली.
मग गादीवर तळहात ठेवून, जरा घुटमळत,
"थोडीक वार आडी पडुं?"

दीड तास झोपली.
आम्ही बाहेर मिठावर उभे,
चपला काढून,
चालताना करकर वाजते म्हणून जागचे हललो नाही.
ह्यांनी घड्याळ पाहिलं नाही.
मी पाहिलं, एकदा.
उठली, केस बांधले, जाताना म्हणाली
तिचं नाव लाखू आहे.

परत आलो ते रात्री अकराला.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
"आजची रात्र इथंच," हे म्हणाले,
आणि आम्ही आपल्याच इमारतीखाली, आपल्याच जिन्याशेजारी,
परगावी झोपलो.

पहाटे गाडी हलल्यासारखी वाटली.
पडदा सरकवला.
दूधवाल्याच्या वाड्यातली तांबडी गाय
मागचं टायर चाटत होती,
खरबरीत जिभेने, सावकाश,
खाचेखाचेतलं मीठ.

वरून कल्पनाबेन काहीतरी विचारत होत्या.
मी ओठांवर बोट ठेवलं.