तीन नंबरची शेगडी

स्वारगेटच्या चौकात तिचा चेहरा लागलाय
तीन मजली, हातात पितळी झारा,
खाली मसाल्याच्या कंपनीचं नाव.
सिग्नलला थांबलेला स्कूटरवाला वर बघून म्हणतो,
नशीब काढलं बाईनं.
मागे बसलेली म्हणते, नशीब कसलं, हाताला चव लागते.
तेवढ्यात हिरवा पडतो
आणि खटला तसाच पुढच्या चौकात जातो.

मी बोलत नाही.
मी त्या कार्यक्रमात शेगड्या जोडायला होतो.
फुरसुंगीचं गोदाम, वर तापलेला पत्रा,
सहा शेगड्या, सहा नळ्या, एक मी.
टीव्हीवर माझं फक्त कोपर दिसलं, एकदाच,
ते बायकोनं ओळखलं.

तर सांगायचं म्हणजे
तीन नंबरची शेगडी आजारी होती.
ज्योत पिवळी, मधेच उचकी लागल्यासारखी.
मी जेट काढला, पिन फिरवली, पुन्हा बसवला,
शेवटी साहेबांना सांगितलं.
ते म्हणाले, लोणकर,
पिवळी ज्योत कॅमेऱ्यात छान दिसते.

फायनलला दोघंच उरली.
आंबेगाव पठारची वैजयंता शेलार,
अंगणवाडीत खिचडी शिजवणारी,
आणि भवानी पेठेतला इरफान अत्तार,
ज्याचा रस्सा चाखल्यावर
लाइटवाल्या पोरांनी कंपनीचं जेवण परत पाठवलं होतं.
बरणीतून चिठ्ठ्या निघाल्या.
तिला चार.
त्याला तीन.
उचकी मला लागली.

पन्नास मिनिटं मी खांबाआड.
ती कांदा परतत होती एका लयीत,
समोर चाळीस पोरं ताटल्या वाजवत बसल्यासारखी,
ना घाई, ना वर बघणं.
तो सारखा वाकत होता, टोप फिरवत होता,
एकदा तर चुलीला घालतात तशी
फुंकर घालायला ओठ केले त्यानं
आणि मग आठवून मिटले.

फरक अर्ध्या गुणाचा.
अर्धा गुण म्हणजे केवढा?
जिऱ्याचे चार दाणे? झाकण उचलायला झालेला उशीर?
सोनेरी कागद उडाले, ते झाडायलाही मीच होतो,
रात्री दीडला सुपलीत भरताना मोजत होतो.

महिन्याभरानं तिनंच बोलावलं,
धायरीच्या नव्या घरात शेगडी बसवायला.
मी जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत होतो
तर मागून म्हणाली,
दादा, चिठ्ठी चांगली निघाली हो माझी.
तालमीत मी तीनवर होते, भाकरी कच्ची राहिली होती.
चार निघाला तेव्हाच मनात म्हटलं, सुटले.
देवीला नारळ वाढवला मी, त्या चाराचा.
बुडबुडा एकही आला नाही.
मी पैसे घेतले आणि निघालो.

निघालो तो थेट भवानी पेठेत.
लाकडांच्या वखारीमागे त्याची गाडी लागते.
सांगून टाकलं सगळं, जेट, पिन, साहेब, कॅमेरा.
इरफान हसला. पळी धुतली. पुन्हा धुतली.
म्हणाला, आमच्या घरची सोळा वर्षं पिवळीच आहे, लोणकर भाऊ.
मीठ जास्त पडलं माझं.
माझ्या हातानं पडलं.
ते शेगडीच्या नावावर टाकू नका,
तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या.

ज्योतीकडे बघता बघता
चाखायचं राहिलं होतं का,
हे ओठांवर आलं होतं.
त्यानं वाटीभर रस्सा पुढे केला.
मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर.

गोदाम रिकामं झालं तेव्हा
तीन नंबर मी भंगारात जाऊ दिली नाही.
दीडशे रुपये मोजून घरी आणली, कशासाठी ते माहीत नाही.
बायको तिच्यावर सकाळचा चहा ठेवते,
कधी भुर्रकन उकळतो, कधी अर्धा पेपर वाचून होतो.

परवा तिची ज्योत निळी झाली.
गोल, स्थिर, जणू नवी.
मी हात लावला नव्हता, शपथेवर सांगतो,
मी तर दाढी करत होतो.
बायको कौतुकानं म्हणाली,
काहीही म्हणा, तुमच्या हाताला गुण आहे.

मी आरशातून बघितलं.
अर्धा असेल, म्हटलं.