वयाचा रकाना

बोथनियाच्या आखातात, त्या सपाट बेटावर
ऑक्टोबरात चहाच्या वेळेलाच काळोख होतो.
इर्मेली लेहतोवारा कोळ्यांच्या जुन्या खोपटात
स्टोव्ह पेटवून बसते.
बाहेर भूर्जांमध्ये जाळी ताणलेली.
दर अर्ध्या तासाला फेरी.
परतते तेव्हा कापडी पिशवीत
मूठभर वजन, चोच कटकट वाजवणारं.
मोत्यांचं घुबड म्हणतात इथे त्याला,
कपाळावर तसे ठिपके.

एकतीस वर्षं ती बँकेत कॅशियर होती.
काउंटरखाली जांभळा दिवा, नोटा तपासायचा.
खऱ्या नोटेतले धागे पेटायचे,
खोटी सगळीच उजळायची, धुतलेल्या चादरीसारखी.
शाखा बंद झाली तेव्हा घड्याळ देत होते.
नको म्हणाली. दिवा मागितला.

"कंदील विझव, तौनो."
शेजारचा पोरगा विझवतो.
ती पंख उघडते,
दुसऱ्याचं पत्र उघडावं तशी, जरा ओशाळून.
आत्तापर्यंत नुसता तपकिरी होता.
आता खालच्या बाजूनं
गुलाबी. गुलाबी कसला,
राणी रंग, लग्नातल्या शालूचा,
या थंड मुलखात कुठून आला कोण जाणे.

पण सगळी पिसं नाहीत. चार पेटलेली,
पाच विझलेली, पुन्हा दोन.
"ही का विझली?"
"जुनी आहेत. ऊन खातं रंग."
"पण हे तर रात्री उडतं."
"दिवसा कुठेतरी बसावं लागतंच ना."
ती लिहिते: मादी. एकशे बासष्ट ग्रॅम.
वय, दोनाच्या वर.

"तिला ठाऊक असतं का, आपण असे आहोत?"
"नोटेलाही कुणी विचारलं नव्हतं."

तौनो दिव्याखाली स्वतःचा हात धरतो.
नखं निळसर. बाहीचा दोरा पांढराफेक.
मग म्हणतो, आता तुमचा.
ती धरते.
मनगटापासून बोटांपर्यंत डागच डाग,
साठ उन्हाळ्यांच्या बोटीवरचे,
आणि अनामिकेवर एक कोरी पट्टी,
जिथे ऊन कधी पोचलंच नाही.
"इथे काय होतं?"
"कडी," ती म्हणते,
पाखरांच्या पायात घालते त्यासाठीचाच शब्द,
आणि दिवा बंद करते.

मग पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही.
सोडण्याआधी घुबडाच्या डोळ्यांत
अंधार परत यावा लागतो.
स्टोव्हवर कॉफी उतू जाते.
जाऊ देतात.