चार बोटं

शिरोलीच्या जकातनाक्यावर मी उमेदवार कारकून लागलो
तेव्हा सातगोंडा मगदूम यांची दोन वर्षं उरली होती.
बांबू वर करायचा, बांबू खाली करायचा,
गुळाच्या रव्या मोजायच्या, पावती फाडायची.
बांबूच्या बुडाला दगड बांधलेला,
बोट लावलं तरी उठायचा.

ऑलिंपिकचं मला चहावाल्यानं सांगितलं.
त्यांना विचारलं तर म्हणाले,
"चौथा आलो. चौघंच होतो म्हणायचं."
आणि गाडीवानाला ओरडले, "बैलं मागं घे रं!"

बाकीचं तुकड्यातुकड्यानं कळलं,
दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.
रुकडीच्या रानात चुकार रेड्यामागं
घायपाताच्या कुंपणावरनं उडणारं पोरगं
कॉलेजच्या एका मास्तरानं बघितलं, शहरात आणलं.
भिवा सुताराला दहा अडथळे करायला लावले.
मास्तर म्हणाला साडेतीन फूट.
भिवाकडं फूटपट्टी नव्हती, त्यानं हातानं मोजलं,
आणि भिवाचा हात लांब.
"बाभळीचं लाकूड. ते पडायचं नाही,
आपणच पडायचं."
धोतर गुडघ्यावर ओढून नडगी दाखवली:
वाळलेल्या शेंगेसारखी, गाठीगाठींची.
बुटाला खिळे नालबंदानं ठोकलेले.
पळताना टांगा आल्यागत वाटायचं,
माणसं वाट द्यायची.

बोटीवर तीन आठवडे डाळं आणि गूळ.
दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे घरचं व्रत,
आणि तिकडं दिवस मावळायचा रात्री साडेनवाला.
"तेवढा एक देश बरा निघाला," म्हणाले,
एवढंच हसलेले मी पाहिले.

दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं.
हे मात्र ते टेबलावर बोटांनी करून दाखवायचे,
टक, टक, टक,
मग पंजा उचलून दौतीच्या पलीकडं.
शाई कधी सांडली नाही.

"तिथले अडथळे बघितले आणि रडू आलं.
हलके. ठेंगणे. बाळाच्या पाळण्याएवढे.
पर पायाला कोण सांगणार?
पाय भिवाचेच उडले.
दहाही वेळा चार बोटं जास्त वर गेलो,
वर गेलं की तेवढं उशिरा खाली येतंय माणूस.
एकालाही पाय लागला नाही माझा.
पुढच्या तिघांनी पाडले की दोन-दोन."
मग पावतीच्या पाठीवर टाकानं मांडून दाखवलं,
जकात मांडावी तसं:
चार गुणिले दहा.
चाळीस बोटं.
तिसऱ्याच्या छातीत आणि माझ्या छातीत
एवढंच, वर अर्धं बोट सूट.

परत आल्यावर फेटा मिळाला, नारळ मिळाला,
आणि हा बांबू.
भिवाला काही बोललात का, मी विचारलं.
"त्याला कशाला? त्यानं घरचं लाकूड वापरलं होतं."
ते अडथळे पुढं एका गुऱ्हाळावाल्यानं नेले,
चिपाडं वाळत घालायला.

शेवटच्या दिवशी नाक्यावर गर्दी झाली.
हमाल, ड्रायव्हर, चहावाला, शाळेची पोरं.
कुणी बोललं नाही, पण सगळे बांबूकडं बघत होते,
आणि मीही तो उचलला नाही, मुद्दाम.

मगदुमांनी टोपी नीट केली.
सायकल आडवी करून पलीकडं सरकवली.
आणि वाकून, हळू, गुडघ्यावर हात ठेवत
बांबूच्या खालून गेले.

पोरांनी तरी टाळ्या वाजवल्या.
त्यांनी मागं बघितलं नाही.
ऊन कलत आलं होतं,
रुकडी लांब होती,
आणि जेवायचं राहिलं होतं.