चौथं रीळ

रविवारी सकाळी नऊचा खेळ.
कॉलेजातले चार मास्तर वर्गणी काढून
महिन्यातून एकदा परदेशी पिक्चर आणायचे निपाणीत.
पेट्या बेळगावच्या गाडीनं यायच्या, टपावरून.
उतरवताना हमाल विचारायचा,
"काय हाय ह्यात? जरदा?"

मी ऑपरेटर. दोन मशिनं, कार्बनच्या कांड्या,
आणि भिंतीत दोन चौकोनी भोकं.
एकातून उजेड जायचा,
दुसऱ्यातून मी.

त्या दिवशीच्या पिक्चरात मारामारी नव्हती.
एक माणूस घरात अडकून पडलाय,
समोर चौकापलीकडं बिऱ्हाडंच बिऱ्हाडं.
तो बघतो. बास, बघतो.
कोण कुणाशी अबोला धरून आहे,
कुणाच्या दारात रात्री उशिरा चप्पल वाजते.
मग एका खिडकीतली बाई दिसेनाशी होते
आणि नवरा मात्र रोजच्यासारखा
दिसत राहतो, दिसत राहतो.

कॅमेरा त्या खोलीबाहेर जवळजवळ पाऊलच टाकत नाही.
हे मास्तरांनी नंतर तासभर समजावलं.
मला आधीच कळलं होतं.
मी तरी कुठं टाकत होतो?

आणि आवाज!
लांबचं ते लांबूनच येतं: कुणाची शीळ, नळाची धार,
भांडणातलं अर्धंच वाक्य.
इतर पिक्चरांना मी आवाज चढवायचो,
पब्लिक शिट्ट्या मारायचं म्हणून.
ह्याला दोन काटे उतरवला.
कुणी तक्रार केली नाही.
इंग्रजी येत होतं कुणाला? पाचसहा वकिलांना.
बाकी मुनीम, पोरं, वखारीतली माणसं.
पण खिडकीला कसली आलीय भाषा.
बाहेर पाट्यांवरून दगडफेक चालली होती त्या वर्षी,
आणि आत मराठी कन्नड दोघंही
एकाच माणसाच्या खांद्यावरून वाकून
परक्याच्या घरात डोकावत होते.

तिसऱ्या ओळीत, पंख्याखाली,
गंगव्वा हुक्केरी. मांडीवर सूप, सुपात बिड्या.
अंधारात वळायची, बोटांनी बघून.
देवाचा पिक्चर असो, दरोडेखोराचा असो,
तिचे हात कधी थांबल्याचं मला आठवत नाही.
मी वरून त्याच्यावर वेळ मोजायचो:
एका रिळाला अमुक बिड्या.

त्या दिवशी चौथ्या रिळाच्या शेवटाला
ते हात थांबले.
पान अर्धं गुंडाळलेलं, दोरा दातात तसाच.
मी बघतच राहिलो.
पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येऊन गेला,
दुसरा ठिपका येऊन गेला,
दुसरं मशीन चालू करायचं माझं राहूनच गेलं.

पडदा पांढराफटक.
आणि सगळं थिएटर मागं वळलं.
तीनशे डोळे, वर, माझ्या भोकाकडं.
"झोपलास काय रं?"
"मलकोंडी एनले?"
दोन्ही भाषांतून एकच शिवी.
मी खाली बसलो, भिंतीआड,
पकडला गेल्यासारखा,
कार्बनची कांडी हातात गार होत चाललेली.

खेळ सुटल्यावर गंगव्वा जिना चढून वर आली.
पहिल्यांदाच. धापा टाकत.
"त्या पांढऱ्यात काय झालं?"
काही नाही, म्हटलं, रीळ बदलायला उशीर झाला.
"असं कसं? सगळी तुझ्याकडं बघत होती.
त्येवढ्यात त्यानं उरकलं असणार की."
एक बिडी माझ्या हातावर ठेवली आणि गेली.

आता तिथं मंगल कार्यालय आहे.
परवा पुतण्याच्या लग्नात जेवताना मान वर केली.
भोकं विटा घालून बुजवलीत, वर गुलाबी रंग.
पण त्या दोन चौकोनांवर रंग वेगळा धरतो,
जरा ओलसर.
वाढपी म्हणाला, "काका, काय बघालाय?"
मी भात घेतला.
मान खाली घालण्याआधी
तिसरी ओळ कुठं असायची ते एकदा मोजलं.